बाच्या गाडीचं इंजिन

आमच्या अंगणात एक गाडी उभी आहे, तिला इंजिन नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारतो आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. विकायची का? नाही. मग ठेवली कशाला? ठेवली माझ्या आईने, तिलाच विचारा की! पण तिला विचारायची कुणाची टाप नाही, म्हणून सगळे मला धरतात.

दांडीला आमचं घर समुद्रापासून हाकेवर. सगळी आळी मच्छीमारांची, आम्हीही त्यातलेच. पण माझ्या बाला, म्हणजे वडिलांना, पाण्यापेक्षा रस्ता प्यारा. होडी काकाच्या गळ्यात घालून त्याने एक जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली आणि बोईसर स्टेशन ते दांडी अशा सीटा मारायला लागला. पाळीवर जाणारे कामगार, शाळेच्या बाई, डिकीत मासळीच्या पाट्या, सगळं त्या एका गाडीत. पुढच्या सीटवर तिघं बसायची आणि बा दाराला चिकटून तिरका होऊन चालवायचा. गाडीला बोंबलाचा वास यायचा. शाळेच्या बाई नाकाला पदर लावून बसायच्या, पण रोज यायच्या.

मग शेअर रिक्षा आल्या, कारखान्यांच्या बसगाड्या आल्या, आणि बाच्या सीटा आटल्या. त्यात खारा वारा. आमच्याकडे पत्रा टिकत नाही. गाडीचा तळ असा कुजला की पाय ठेवायच्या जागेतून खालचा रस्ता दिसायचा. पण इंजिन ठणठणीत होतं. बा बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "अंग गेला, पण काळीज धड हाय." भंगारवाल्याने सगळ्याचे मिळून काही किरकोळ पैसे देऊ केले तेव्हा बाला असा राग आला की त्याने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आणि मग त्याने ते केलं. इंजिन गाडीतून काढलं आणि काकाच्या जुन्या होडीत बसवलं. किनाऱ्यावर हे काही नवल नव्हतं. त्या काळची इंजिनं होतीच तशी, सरळ. डिझेल मिळालं, हवा मिळाली, थंड करायला पाणी मिळालं, की कुठेही चालणार. रेडिएटर काढून समुद्राच्या पाण्याची नळी जोडायची, गिअरच्या पुढे होडी ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा लावायचा, झालं. आजच्या गाडीचं इंजिन होडीत बसवून दाखवा बघू! आधी ते तुमची किल्ली ओळखीची आहे का बघेल, मग चार सेन्सरना विचारेल, आणि शेवटी दिवा लावून गप्प बसेल. बाच्या इंजिनाला असली नखरेबाजी माहीत नव्हती. एकदा ऐन उन्हाळ्यात पाणी संपून त्याच्या ब्लॉकला बाजूने तडा गेला होता, तेव्हा बोईसरच्या एका वेल्डरने पितळ वितळवून तो सांधला. काळ्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, वीतभर पिवळी शिवण. बा ती शिवण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

आळीतल्या म्हाताऱ्यांना मात्र ते पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, एवढं जड धूड त्या होडीला पेलणार नाही. बा हसण्यावारी न्यायचा. मी दहावीत होते. परीक्षा संपून सुट्टी लागलेली. एका दुपारी बा म्हणाला, "आवाज जरा येगळा येतंय, एक फेरी मारून बघतंय." एकटाच गेला. समुद्र ताटात वाढलेल्या पाण्यासारखा सपाट होता. मी किनाऱ्यावर उभी होते, आणि पाण्यावरून आमच्या गाडीचा आवाज येत होता. तोच आवाज, जो रोज संध्याकाळी वळणावरून यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. आवाज लांब लांब गेला. तो थांबला कधी, हे मला अजून सांगता येत नाही, कारण मी वळून घरी आले होते आणि कानात तो चालूच होता.

होडी परत आली नाही. वादळ नाही, वारा नाही, काही नाही. सगळ्या आळीच्या होड्या शोधायला गेल्या. फळकूट नाही की दोराचा तुकडा नाही. जणू कुणी बोट लावून पुसून टाकलं.

आमच्यात म्हणतात, समुद्र कुणाचं पोटात ठेवत नाही, आज ना उद्या परत देतो. आईने ते शब्दशः धरलं. देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दिवस करतात. काकाने पानं आणली, भटजी आले. आई दारात आडवी उभी राहिली. "पाल्याला जालून माझ्या नवऱ्याला मारतव काय? काडी लावून तर बघा!" भटजी चपला घालून निघून गेले. आईने कुंकू पुसलं नाही, बांगड्या काढल्या नाहीत. सात वर्षं झाली की सरकार माणसाला मेलेला धरतं म्हणे. माझी आई सरकारला धरत नाही.

आणि गाडी अंगणात राहिली. आई रोज सकाळी तिची काच पुसते. बॉनेट उघडून आतून कोंबड्या हाकलते आणि ती रिकामी जागा झाडते. सुरुवातीला मला त्या जागेची भीती वाटायची, खरं सांगते. चार नटांच्या खुणा, लोंबकळणाऱ्या दोन वायरी, आणि मधे काहीच नाही. वारा सुटला की बॉनेट आपोआप थडथड वाजायचं आणि आई आतून ओ द्यायची. सवयीने. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मी पुढे डिप्लोमा केला आणि तारापूरच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागले. बिडाची भट्टी. तिथे मोठमोठ्या गाडी कंपन्यांसाठी ब्रेकचे ड्रम आणि इंजिनाचे ब्लॉक ओततात. मी तपासणीत आहे. आमच्याकडे मशिनं आहेत, किरण सोडून बघायची सोय आहे, पण पहिली परीक्षा अजून हातोडीची. ओतलेला तुकडा टांगायचा, छोट्या हातोडीने टोला मारायचा आणि ऐकायचं. चांगला असेल तर लांबवर घुमतो. आत तडा असेल तर बद्द वाजतो. बाजारात बाया माठ वाजवून घेतात ना, तेच. दिवसभर मी टण, टण, टण करत असते, आणि झोपायला डोळे मिटले की तेच कानात. मग त्यातून एखादा बद्द आवाज येतो आणि मी दचकून उठते. लग्न झालंय, पण नवऱ्याची बदली गुजरातेत, म्हणून मी दांडीलाच आईजवळ राहते. रात्रीचे आवाज ऐकायला आम्ही दोघीच.

या नोकरीत मी गाड्या बदलताना बघितल्या. कंपनीची माणसं यायची आणि दरवेळी एकच धोशा लावायची, अजून पातळ करा, अजून हलकं करा. ब्लॉकच्या भिंती पातळ झाल्या. मग काही कंपन्या बीड सोडून अल्युमिनियमकडे गेल्या. आणि मागच्या वर्षी एका कंपनीचे साहेब विजेवरची नवी गाडी घेऊनच आमच्या आवारात आले. ती मागे येऊन उभी राहिली तरी कुणाला कळलं नाही. आवाजच नाही. साहेबांनी मोठ्या हौसेने बॉनेट उघडलं. आत काही नव्हतं. स्वच्छ, रिकामी जागा, सामान ठेवायला. सगळे कौतुकाने वाकून बघत होते. आमचा भट्टीवाला, बिहारचा, वयस्क माणूस, म्हणाला, "इसमें हमारे पिघलाने लायक क्या है, मैडम?" लोक हसले. मी तिथून निघाले ते थेट बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आमच्या घरी असं उघडं बॉनेट मी अर्धा जन्म बघत आले होते, आणि आता तशाच गाड्या हजारोंनी निघणार होत्या.

त्याच सुमारास आईच्या छातीचं दुखणं निघालं. हृदयाची झडप खराब झालीय, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा आणि लांबवू नका, पुढे आमच्या हातात राहणार नाही. मुंबईला काही दिवस राहावं लागणार होतं. आई म्हणाली, "नाय." मी समजावलं, चिडले, ताट आपटलं, दोन दिवस अबोला धरला. तिचं एकच. "मी नसताना तो आला तर? घराला कुलूप बघून माघारी जाल." पायऱ्या चढताना तिला धाप लागायची, रात्री उशाला दोन उशा घेऊन बसून झोपायची, ओठ निळसर दिसायला लागले होते. बा गेला होता तो गेलाच होता, पण आता त्याची वाट बघण्यापायी आईही जायला निघाली होती. मला बाचा असा राग आला की गाडीच्या दारावर लाथ मारली. पायच सुजला, दुसरं काय होणार.

मग थंडीत एका सकाळी काकाचा फोन कामावर आला. "ये लवकर. आयला आजून सांगितला नाय." आळीतल्या एका मोठ्या बोटीचं जाळं रात्री तळाशी अडकलं होतं. फाडून सोडायचं तर नुकसान, म्हणून त्यांनी मशिनवर ओढून घेतलं. वर आलं ते एका इंजिनाचं धूड. काकाने बघितल्याबरोबर ओळखलं होतं, आणि आता माझ्याकडून खात्री करून घ्यायची होती.

किनाऱ्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. शिंपले आणि चिखल चिकटलेला. कडा झिजून गोल झालेल्या. इंजिनाचा नंबर शोधला, तो गंजाने केव्हाच खाल्ला होता. मी खिशातली हातोडी काढली, सवयीने, आणि टोला मारला. बद्द. नखाने खरवडलं तर पेन्सिलीच्या शिशासारखं काळं बोटाला लागलं. बीड वर्षानुवर्षं समुद्रात राहिलं की पाणी त्यातलं लोखंड हळूहळू खातं आणि काळा मऊ गाळ तेवढा राहतो. आकार तोच दिसतो. मी बाजूचा चिखल अंगठ्याने काढला. वीतभर पिवळी शिवण होती. पितळ तसंच्या तसं.

मी वाळूत बसले आणि काका माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. खोटं कशाला बोलू, रडता रडता मनात पहिला विचार हाच आला, की सुटलो. आता आईला दाखवता येईल. आता ती मानेल आणि ऑपरेशनला येईल.

टेम्पोतून ते घरी आणलं. चार माणसांनी उचलून पडवीत ठेवलं. दिवस ढगाळ होता, गार वारा सुटला होता, आम्ही सगळे कुडकुडत होतो. आई आतून आली. तिला काही सांगायची गरज पडली नाही. तिने गोणपाट बाजूला केलं, त्या शिवणीवर बोट फिरवलं, आणि मग पूर्ण तळवा टेकवला.

तिचा चेहरा उजळला. त्याला दुसरा शब्द नाही. इतक्या वर्षांत मी तिला तशी बघितली नव्हती.

"गरम हाय," ती म्हणाली.

काका माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे होऊन हात लावला. खरंच कोमट होतं. आजारी माणसाच्या कपाळाएवढं. किनाऱ्यावर हाताला बर्फासारखं लागलेलं ते धूड आता कोमट होतं, आणि त्याच्यावरचं ओलं गोणपाट आतल्या बाजूने वाळलेलं होतं. आजूबाजूच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या. एकीने पदर डोक्यावर घेतला.

"उन्ह लागला असंल," काका पुटपुटला.

"कुठं हाय उन्ह?" आई म्हणाली. "बा तुझा घरी आला का मी बॉनेटला हात लावून बघायची. गार असंल तर कवाचा येऊन नाक्यावर गप्पा मारीत बसलेला. गरम असंल तर आत्ताच आलेला." ती माझ्याकडे वळली. "आत्ताच आलाय, बाय."

मला काय झालं असेल विचार करा! जे दाखवून तिचं वाट बघणं संपवायचं, त्यानेच ते नव्याने सुरू केलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं, जमेल तितक्या शांतपणे. आये, असं होतं. आम्हाला शिकवलंय. समुद्रात खाल्लं गेलेलं बीड बाहेर काढलं, पाणी निथळलं, की हवा त्याच्या आत शिरते, आतलं उरलंसुरलं लोखंड झपाट्याने गंजतं, आणि गंजताना गरम होतं. भट्टी नको, डिझेल नको. त्याचं त्याचंच तापतं. बा कुठून आलेला नाही. बा समुद्रात गेला, त्याच दिवशी.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वेल ऱ्हाल गरम?"

"असेल संध्याकाळपर्यंत. आतलं संपलं की गार होईल."

"मंग संध्याकालपर्यंत मला कोन उठवू नका."

पाट घेऊन ती त्याच्या बाजूला बसली आणि हात त्यावर ठेवला तो ठेवलाच. लोक थोडा वेळ थांबले आणि एकेक करून पांगले. काका अंगणात गाडीला टेकून विड्या ओढत राहिला. आई त्याच्याशी बोलत होती. इंजिनाशी. हळू, मान थोडी वाकवून, जसं ती बाशी जेवताना बोलायची. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू येत नव्हतं. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, रस्ता कुठवर आला, पोरगी फाउंड्रीत लागली, तिथं तुझ्यासारखीच भांडते. मधेच हसली. एकदा म्हणाली, "तवा जेवून का नाय गेलास रे?" मी भाजी करपवली. पुन्हा टाकली, तीही खारट झाली.

दुपारी मी जेवण नेलं, तिने नको म्हणून मान हलवली. मी सहज म्हणून हात लावला. मघापेक्षा कमी होतं. शिवणीच्या बाजूला गार पडायला लागलं होतं, मधे अजून ऊब होती. मी आत आले. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा हात लावला. आत येऊन नळ सोडला, बंद केला, पुन्हा बाहेर. काय करत होते मी, माझं मला कळत नव्हतं. रोज लोखंडाचं तापमान लिहिणारी बाई मी. ते किती वाजता उतरणार हे मीच सांगितलेलं.

दिवेलागणीला वारा वाढला. मी हात लावला आणि ऊब शोधावी लागली. मधोमध, तळव्याएवढ्या जागेत, होती नव्हती अशी. मी धावत आत गेले, पेटीतून जाड गोधडी ओढून काढली आणि येऊन त्या इंजिनावर घातली. चारी बाजूंनी खोचली. चुलीवर पाणी ठेवलं होतं त्यात फडकं भिजवून आणते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. काका विडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "थांब ना," मी म्हणत होते, आईला नाही, "जरा थांब ना बा, एवढ्यात नको," आणि गोधडी परत परत खोचत होते.

आईने माझी दोन्ही मनगटं धरली. तिच्या हातात तेवढा जोर कुठून आला कोण जाणे. मग तिने गोधडी एका बाजूने सोडवली, दुसऱ्या बाजूने सोडवली, आणि काढून माझ्या खांद्यावर टाकली.

"जाऊं दे त्याला," ती म्हणाली. "दमलाय तो."

तिने माझा हात घेऊन मधोमध ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. आम्ही तशाच बसलो. गार झालं ते आम्हा दोघींना एकदमच कळलं. मी गोधडीत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडले, आणि ती मला थोपटत राहिली, नंतर तीही रडली. उघडं, गळा काढून, आमच्यात बायका मयताला रडतात तसं. आळीतल्या बायका तो आवाज ऐकून न बोलावता आल्या आणि तिच्याभोवती बसल्या.

बऱ्याच वेळाने काकाने घसा साफ केला. भटजींना सांगावा धाडायचा होता, आणि त्याला कळेना की तिथी कुठली सांगायची, बा समुद्रात गेला त्या दिवसाची की आणखी कुठली.

"आजची," आई म्हणाली. "आज माझ्या हाताखाली गेला तो. तेरावा होऊं दे, मंग हिच्यासंगती मुंबईला जातंय."